आपला कपडा आपल्या हाताने : पहिला लेंगा



बडोद्यातील आपल्या बऱ्याच मराठी घरांत एका कोपऱ्यात शिलाई मशीन असते. त्यावर जुनी चादर टाकलेली असते आणि चादरीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. कोणी विचारले तर उत्तर ठरलेले, "आजीचे आहे, आता कोण वापरते?" आम्ही, म्हणजे शाळेतील काही शिक्षिका आणि काही पालक, यांनी अशाच एका मशीनवरची चादर काढली, त्याला तेल दिले, नवा पट्टा चढवला आणि घरी घालायचा एक साधा लेंगा स्वतः शिवायचे ठरवले. आमच्यापैकी कोणालाही त्यापूर्वी बटण लावण्यापलीकडे काही येत नव्हते. त्या लेंग्याने आम्हाला काय शिकवले, ते या पाठात सांगत आहोत.

थोडा इतिहास

सुई फार जुनी, मशीन मात्र अलीकडचे. फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३० साली शिलाई मशीनचे पेटंट घेतले. सैनिकांचे गणवेश शिवण्यासाठी पॅरिसमध्ये अशी मशीन बसवली गेली, तेव्हा आपली भाकरी जाईल या भीतीने तेथील शिंप्यांनी १८३१ मध्ये ती फोडून टाकली. पुढे अमेरिकेत इलायस होव यांनी १८४६ साली दोन धाग्यांच्या टिपेचे पेटंट घेतले आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांचे मशीन आले. गांधीजींचा यंत्रांच्या हव्यासाला विरोध होता, हे आपण इतिहासात शिकतो. पण १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला होता.

आपल्या परंपरेत शिवणकामाला मोठा मान आहे. संत नामदेवांचा जन्म शिंपी कुटुंबातला. त्यांच्या एका पदात शिंप्याची हत्यारे भक्तीची साधने होऊन येतात आणि ते पद शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहे.

आपल्या शहराचेही या विषयाशी नाते आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली हातांना काम शिकवणारे कलाभवन सुरू केले. १९१४ साली महाराणी चिमणाबाईंच्या नावाने स्त्रियांसाठी उद्योगालय निघाले. बाईच्या हाती काम असावे आणि त्यातून चार पैसे यावेत, हा त्यामागचा विचार. त्या काळापासून कितीतरी घरांतील बायकांनी, विशेषतः ज्यांच्यावर अकाली वैधव्य आले त्यांनी, पायमशीनवर संसार ओढला आणि मुले शिकवली. आज आपण शिवणकामाला 'छंद' म्हणतो, तेव्हा हे विसरू नये. आपला टाका चुकला तर आपण हसतो. तिचा टाका चुकला तर गिऱ्हाईक जात असे.

आधी कापड ओळखा

कापडाला लांबी असते आणि रुंदी असते. रुंदीला पन्हा म्हणतात. किनारीला समांतर जाणारा तो उभा धागा आणि पन्ह्यात जाणारा तो आडवा धागा. एक रुमाल घेऊन पाहा. उभा ओढलात तर तो जवळजवळ ताणत नाही, आडवा ओढलात तर किंचित ताणतो आणि कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे, म्हणजे उरेब ओढलात तर चांगलाच ताणतो. म्हणून लेंग्याचा पाय नेहमी उभ्या धाग्यावर बेततात. तो तिरका बेतला तर दोन धुण्यांत पाय पिळल्यासारखा दिसू लागतो.

दुसरी गोष्ट, सुती कापड धुतल्यावर आटते. मांडवीकडून आणलेले सव्वादोन मीटर कापड आम्ही रात्रभर पाण्यात भिजवले, वाळवले, इस्त्री केली आणि पुन्हा मोजले. ते ९ सेंटिमीटर कमी भरले. न भिजवता शिवले असते तर लेंगा पहिल्या धुण्यातच घोट्याच्या वर गेला असता. नवशिक्यांनी पॉपलिन किंवा मांजरपाट घ्यावे. सॅटिनसारखे घसरणारे कापड पहिल्यांदा नको.

माप आणि हिशेब

अंगात नीट बसणारा जुना लेंगा हाच सर्वांत चांगला गुरू. तो एक पाय दुसऱ्यावर येईल असा दुमडून वर्तमानपत्रावर ठेवा आणि मागच्या भागाची कड पेन्सिलीने आखा. मग बाहेरच्या सरळ कडेवर तो पालथा करून पुढच्या भागाची कड आखा. मागचा भाग अधिक उंच व अधिक खोल असतो, कारण बसताना तिथे कापड लागते. कमरेला इलॅस्टिक असेल तर ते पूर्ण ताणून आखा, नाहीतर नवा लेंगा बैठकीवरून वर चढणारच नाही.

आता हिशेब. समजा, तयार लेंग्याची उंची ८५ सेंटिमीटर हवी. वर नेफ्यासाठी ५ आणि खाली दुमडण्यासाठी ४ धरले की झाले ९४. एका पायाची रुंदी, शिवणीसाठी दोन्ही बाजूंना दीड दीड सेंटिमीटर धरून, साधारण ६३. असे दोन पाय ९० किंवा ११२ सेंटिमीटर पन्ह्यात शेजारी शेजारी बसत नाहीत. म्हणून एकाखाली एक, म्हणजे १८८ सेंटिमीटर कापड लागते. आटण्यासाठी वाढीव धरून सव्वादोन मीटर. गणिताच्या तासाला 'हे कुठे उपयोगी पडणार?' असे विचारणाऱ्यांनी हा हिशेब एकदा आपल्या मापाने करून पाहावा.

आमची चूक

कापड पन्ह्यावर पन्हा ठेवून दुमडावे, सुलट बाजू आत ठेवावी आणि दोन्ही थर एकदम कापावेत. म्हणजे एक डावा आणि एक उजवा असे दोन पाय आपोआप मिळतात. आम्हाला हे सांगितले होते. पण आमच्या कापडावर हत्तींची छपाई होती. दुमडून कापले तर एका पायावरचे हत्ती डोक्यावर उभे राहणार, हे ऐन वेळी लक्षात आले. म्हणून आम्ही शहाणपणा करून दोन्ही पाय वेगवेगळे कापले. कागद मात्र दोन्ही वेळा त्याच बाजूने ठेवला. शिवायला बसलो तेव्हा कळले, हत्ती सगळे पायांवर उभे होते, पण लेंग्याला दोन्ही पाय डावेच झाले होते!

शेजारच्या दरजीभाईंकडे ते तुकडे घेऊन गेलो. ते पोटभर हसले. मग म्हणाले, दुसऱ्या पायाच्या वेळी कागद पालथा करायचा, एवढेच. आम्ही आणखी सव्वा मीटर कापड आणले. वाया गेलेल्या पायातून दोन पिशव्या आणि एक खिसा झाला. तुम्ही मात्र पहिल्या वेळी साधे, एका रंगाचे कापडच घ्या. त्यात ही भीती नाही.

शिवण्याचा क्रम

१. मध्यम जाडीच्या सुती कापडाला १४ नंबरची सुई लावा. टीप अडीच मिलिमीटरची, म्हणजे एका सेंटिमीटरात चार टाके. आधी एका चिंधीवर चालवून पाहा. वरचा धागा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि दोघांची गाठ कापडाच्या मधोमध पडायला हवी. खालच्या बाजूला धाग्यांचे जाळे झाले तर बहुधा वरचा धागा नीट ओवलेला नसतो.

२. प्रत्येक पायाची आतली शिवण घाला. सुलट बाजू आत, उलट बाजू बाहेर. शिवणीच्या सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके मागे येऊन पुन्हा पुढे जा, म्हणजे शिवण उसवत नाही.

३. एक पाय सुलटा करून तो दुसऱ्या उलट्या पायाच्या आत सरकवा. दोन्ही आतल्या शिवणी एकमेकींवर आणून टाचणी लावा. मग पुढच्या कमरेपासून खाली जाऊन मागच्या कमरेपर्यंत एक लांब वळण शिवा. बसताना सगळा ताण इथे येतो, म्हणून ही टीप दोनदा मारा. आतला पाय बाहेर ओढला की हातात एकदम लेंगा दिसतो. आमच्यातील मोठ्या बायकांनीही या वेळी टाळ्या वाजवल्या.

४. वरची कड आधी १ आणि मग ४ सेंटिमीटर दुमडून नेफा शिवा. मागच्या बाजूला थोडी जागा उघडी ठेवून तिथून सेफ्टी पिनेने इलॅस्टिक ओवा. कमरेच्या मापापेक्षा ते ५ सेंटिमीटर कमी घ्यावे. टोके जोडून ती जागा बंद करा.

५. लेंगा घालून पाहा, मगच खालची कड दुमडा आणि हाताने तुरपाई करा.

प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री फिरवा. निम्मा सुबकपणा इस्त्रीतच असतो. सुईत दोरा ओवताना पाय मशीनच्या पावडीवरून काढा. लहान मुलांनी मोठे माणूस शेजारी असल्याशिवाय मशीनवर बसू नये.

आणि उसवायला लाजू नका. आम्ही नेफा दोनदा उसवला. चुकलेली टीप तशीच ठेवून पुढे गेलो तर ती चूक पुढच्या प्रत्येक शिवणीत डोके वर काढते.

वहीत लिहिलेले तास

आम्ही एका वहीत वेळ लिहून ठेवत होतो. दोन रविवार मिळून सात तास लागले. दरजीभाई हेच काम तासाभरात करतात. त्या एका तासामागे त्यांची कितीतरी वर्षे आहेत. हे कळल्यावर आम्हाला आमचीच जुनी सवय आठवली. शिलाईच्या दहा-वीस रुपयांसाठी आम्ही त्यांच्याशी घासाघीस करायचो आणि वर 'साधे तर काम आहे' असेही म्हणायचो. आता ते शब्द तोंडातून निघत नाहीत.

दुकानात टांगलेला तयार लेंगा कधीकधी आमच्या नुसत्या कापडाच्या किमतीत मिळतो. मशीनने काम वेगात होते हे खरे, पण अजूनही प्रत्येक शिवण कोणीतरी माणूस मशीनवर बसूनच घालतो. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे गेली. त्यांतील बहुतेक जण परदेशी दुकानांसाठी कपडे शिवणारे कामगार होते. भिंतींना आदल्या दिवशीच भेगा दिसल्या होत्या, तरी त्यांना कामावर बोलावले गेले. स्वस्त कपड्याची उरलेली किंमत कोण भरते, हा प्रश्न सात तास मशीनवर बसल्यानंतर आम्हाला अधिक जवळचा वाटू लागला.

पालकांना आणि विश्वस्तांना विनंती

शिवण हे मुलींचे काम, ही समजूत आपण सोडून द्यावी. ज्या दरजीभाईंनी आमचा लेंगा वाचवला, ते पुरुषच आहेत. शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास, मुलगे आणि मुली दोघांसाठी, एवढीच आमची मागणी आहे. विश्वस्त मंडळींनी एक खोली द्यावी. पालकांनी कोपऱ्यातली मशीन भंगारात न देता शाळेला वापरायला द्यावी. आणि ज्या आजींना हे काम येते, त्यांनी शिकवायला यावे. मशीन दुरुस्त करता येते. आजींच्या हातातले काम मात्र त्यांच्याकडून वेळेवरच शिकून घ्यावे लागते.

करून पाहा

१. घरातील एक जुना कपडा उलटा करून त्यात एकूण किती शिवणी आहेत ते मोजा. कोणती शिवण आधी आणि कोणती नंतर घातली असेल, ते लिहा.

२. अर्धा मीटर सुती कापड मोजा, भिजवा, वाळवा आणि पुन्हा मोजा. उभ्या बाजूने किती आटले? आडव्या बाजूने किती?

३. घरातील किंवा शेजारच्या एखाद्या आजींना विचारा, "तुम्ही पहिला कपडा कोणासाठी शिवला होता?" त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.