कार्बन डायऑक्साइड : श्वासातला सोबती, खड्ड्यातला वैरी

कार्बन डायऑक्साइड हा वायू आपणां सर्वांना शाळेपासून परिचित आहे. चुन्याची निवळी दुधी करणारा, वनस्पतींना अन्न तयार करण्यासाठी लागणारा आणि सोडावॉटरच्या बाटलीतून फसफसत बाहेर येणारा हा वायू निरुपद्रवी आहे, असे आपण धरून चालतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. हाच वायू विहिरीत, पेवात किंवा टाकीत साचला म्हणजे माणसांचे बळी घेतो. आणि पुष्कळदा एकाच जागी एकामागून एक असे अनेक बळी जातात. असे का होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम प्रमाणाचा प्रश्न. मोकळ्या हवेत हा वायू सुमारे ०.०४ टक्के असतो. आपल्या उच्छ्वासात तो सुमारे ४ टक्के असतो. दारे-खिडक्या लावलेल्या भरगच्च वर्गात त्याचे प्रमाण ०.१ ते ०.२ टक्क्यांपर्यंत सहज चढते. ती हवा कोंदटल्याची खूण होय. त्याने जिवास धोका नसतो. कारखान्यातील आठ तासांच्या पाळीसाठी ०.५ टक्का ही मर्यादा सामान्यतः मानली जाते. सुमारे ५ टक्क्यांना धाप लागते, डोके दुखते, भोवळ येते. १० टक्क्यांच्या पुढे काही मिनिटांतच शुद्ध हरपते आणि २० ते ३० टक्क्यांना तर काही श्वासांतच माणूस कोसळतो.

याचे कारण आपल्या शरीराच्या रचनेत आहे. १९०५ साली जॉन स्कॉट हाल्डेन आणि जे. जी. प्रीस्टली या शास्त्रज्ञांनी असे दाखविले की, श्वासाची गती मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर अवलंबून असते. हा वायू रक्तातील पाण्याशी संयोग पावून कार्बनिक आम्ल बनवितो. आम्लता वाढताच मेंदूतील श्वसनकेंद्र अधिक जोराने श्वास घ्यावयास लावते व साचलेला वायू बाहेर टाकला जातो. परंतु बाहेरच्या हवेतच तो भरून राहिला असेल, तर प्रत्येक खोल श्वासाबरोबर अधिकच वायू आत जातो. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच अशा वेळी उलटते. मेंदूतील रक्तवाहिन्या फुगतात, हृदयाची गती बिघडते आणि मेंदूला ग्लानी येते. तेव्हा पुरेसा ऑक्सिजन असला तरीदेखील हा वायू घातक ठरतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कोळशाच्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड याहून वेगळा. तो रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटून ऑक्सिजनची वाट अडवितो.

दुसरी गोष्ट वजनाची. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड आहे. म्हणून वारा नसेल तेथे तो पाण्यासारखा सखल जागी उतरून साचतो. इटलीत नेपल्सजवळ एक लहानशी गुहा ‘श्वानगुहा’ म्हणून प्रसिद्ध आहे. तेथे जमिनीलगत हा वायू पसरलेला असे. आत नेलेला कुत्रा बेशुद्ध पडे, मात्र त्याच्याशेजारी ताठ उभ्या असलेल्या माणसाला काहीच होत नसे.

याच गुणधर्माचे भीषण रूप आफ्रिकेतील कॅमेरून देशात दिसले. तेथील न्योस हे ज्वालामुखीच्या विवरातील खोल सरोवर. भूगर्भातून झिरपणारा वायू त्याच्या तळच्या पाण्यात वर्षानुवर्षे विरघळत राहिला होता. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो एकाएकी उसळून वर आला आणि दऱ्यांच्या वाटेने उतरत सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरला. सुमारे १,७०० माणसे व हजारो गुरे मृत्युमुखी पडली. घरे मात्र जशीच्या तशी उभी होती. २००१ सालापासून नळ बसवून त्या सरोवरातील वायू हळूहळू बाहेर सोडण्यात येऊ लागला.

आपल्याकडे सरोवराची जागा पेव घेते. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्धच आहेत. तोंड अरुंद, पोट मोठे अशा या खड्ड्यांत साठविलेला माल आतील ऑक्सिजन संपवितो व कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्यामुळे किडे जगत नाहीत आणि माल टिकतो. परंतु जी हवा किड्याला मारते ती माणसालाही सोडीत नाही. यास्तव पेव उघडल्यावर ते पुष्कळ वेळ मोकळे ठेवून मगच आत उतरण्याची रीत आहे. वापरात नसलेल्या विहिरी, मद्यार्काच्या कारखान्यातील आंबवणाच्या टाक्या आणि शेणाचे खड्डे यांचीही हीच कथा. शेणाच्या खड्ड्यात तर मिथेन व हायड्रोजन सल्फाइड यांचीही भर पडते.

एप्रिल २०२४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील वाकडी गावी शेणाचा गाळ साठविलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडले. त्याला काढण्यास एक जण उतरला, त्याला वाचविण्यास दुसरा, मग तिसरा, असे करता पाच जण प्राणास मुकले. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण तेवढा वाचला. येथे घात मिश्र वायूंनी केला. परंतु शिकावयाचा धडा तोच आहे. खाली पडलेला आपला माणूस दिसताच क्षणाचाही विचार न करता उडी घेणे यात माया आहे, शौर्यही आहे. पण ज्या हवेने पहिल्याला पाडले तीच हवा दुसऱ्याची वाट पाहत असते.

दिवा खाली सोडून पाहण्याची जुनी पद्धत आहे. दिवा विझला तर उतरू नये, हे खरेच. पण तो तेवत राहिला म्हणजे जागा निर्धोक, असे मात्र नव्हे. माणसाला बाधेल इतक्या वायूतही ज्योत टिकू शकते आणि मिथेन असेल तर तीच ज्योत स्फोट घडविते. तोंडाला बांधलेल्या रुमालाचा काडीइतकाही उपयोग नाही. पंख्याने किंवा पंपाने आत ताजी हवा सोडावी, वायुमापक असल्यास हवा तपासावी, उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधून तो वर ओढण्यास माणसे उभी ठेवावीत. कोणी आधीच कोसळला असेल, तर हवेची नळकांडी बाळगणाऱ्या अग्निशामक दलाला ताबडतोब बोलवावे आणि ते येईतो वरून हवा सोडीत राहावे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी शेती आहे, विहीर आहे, शेणाचा खड्डा आहे. सुटीत गावी गेल्यावर एवढी एक गोष्ट घरच्यांना समजावून सांगितली, तरी या वायूविषयी आपण जे शिकलो त्याचे चीज होईल.