मोटारीतील गारवा: अंदाजाने नव्हे, वजनाने

वैशाखात बालाघाटचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो. आजारी माणसाला घेऊन गोंदिया-नागपूरकडे निघालेल्या कुटुंबाला तेव्हा मोटारीतील गारवा ही चैन वाटत नाही. ‘गाडी गार करीत नाही, थोडा गॅस भरून द्या,’ असे गिऱ्हाईक म्हणते आणि मिस्त्री नळी जोडून भरून देतो. किती भरला, हे मात्र दोघांनाही ठाऊक नसते. मोटार-दुरुस्तीच्या धंद्यात शिरणाऱ्या आपल्या तरुणांसाठी आणि मोटार बाळगणाऱ्या कुटुंबांसाठी या विषयाचा थोडक्यात विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम यंत्राचे कार्य पाहू. कॉम्प्रेसर गॅस दाबतो. पुढील कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो. अरुंद छिद्रातून सुटल्यावर कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि ती आतील हवेची उष्णता शोषून घेते. हे चक्र बंदिस्त आहे. पेट्रोलप्रमाणे हा गॅस जळून संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे, हे निश्चित समजावे.

आता मुख्य मुद्दा. केवळ दाब पाहून गॅसचे प्रमाण कळत नाही. स्वयंपाकाचे सिलिंडर आठवा. त्यात १४.२ किलो गॅस येतो. पण आत थोडाही द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तापमानावरच ठरतो. म्हणून आपण सिलिंडर तोलून घेतो. मोटारीतील आर-१३४ए गॅसचेही तसेच आहे. बंद गाडीत ३० अंशांवर घड्याळ सुमारे ९७ पौंड दाखवील, तर ४० अंशांवर सुमारे १३३ पौंड. गॅस तोच, फरक फक्त उन्हाचा! चालू यंत्रातील दाब दोष शोधण्यास उपयोगी पडतो, परंतु तो तराजूचे काम करू शकत नाही.

गॅस कमी पडला तर गारवा घटतो. शिवाय गॅसबरोबर फिरणारे तेल नीट परत न आल्याने कॉम्प्रेसर झिजतो. जास्त झाला तर कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, दाब चढतो आणि गारवा उलट कमी होतो. अशा वेळी आणखी गॅस भरणे म्हणजे रोग वाढविणेच होय.

तेव्हा रीत अशी असावी:

१. कंडेन्सरवर धूळ बसली आहे काय व पंखा फिरतो काय, हे आधी पाहावे. पुष्कळदा दोष तेथेच असतो.

२. बॉनेटखालील पट्टीवर गॅसचा प्रकार व वजन ग्रॅममध्ये दिलेले असते, ते वाचावे. लहान मोटारीत पन्नास-शंभर ग्रॅमचा फरकही मोठाच ठरतो.

३. उरलेला गॅस हवेत न सोडता यंत्राने काढून घ्यावा आणि गळती शोधून बुजवावी.

४. व्हॅक्यूम पंपाने हवा व ओलावा काढावा. पंप बंद केल्यावर काटा परत चढू लागला, तर गळती अथवा ओलावा शिल्लक आहे, असे समजावे.

५. बाटली काट्यावर ठेवून नेमके वजन भरावे. नळ्यांत राहणारा गॅसही हिशेबात धरावा. इंजिन चालू असता उच्च दाबाची बाजू बाटलीस कधीही उघडू नये. बाटली फुटण्याचा धोका असतो. चष्मा व हातमोजे अवश्य घालावेत. स्वयंपाकाचा गॅस तर यात कदापि भरू नये. तो पेट घेतो.

गॅस हवेत सोडू नये, याचे कारण केवळ पैशाचे नाही. ओझोन थराला मारक असा जुना आर-१२ गॅस १९८७ च्या मॉन्ट्रियल करारामुळे मागे पडला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला बाधत नसला, तरी शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक उष्णता वातावरणात कोंडतो. असे वायू कमी करण्याच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ साली मान्यता दिली.

धान तोलताना आपला शेतकरी काट्याकडे नीट पाहतो. गिऱ्हाइकानेही मिस्त्रीला ‘किती ग्रॅम भरला?’ असे अवश्य विचारावे, आणि मिस्त्रीने तो आकडा बिलावर लिहून द्यावा. त्यात गिऱ्हाइकाचा पैसा वाचतो आणि कारागिराची पत वाढते.