टाळ्या ब्रुटसला, गर्दी अँटनीची: विकताना आपण नेमकं काय मागतो?

या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून राहिलेलं इथे लिहितोय. विषय आहे शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' हे नाटक.

आता तुम्ही म्हणाल, सर, आम्ही मसाले विकणार, कुर्ती विकणार, आम्हाला रोमचा राजा कशाला? तर पहिली गोष्ट, सीझर राजा नव्हताच. तो राजा होऊन बसेल या भीतीने त्याला मारला, इसवी सनापूर्वी ४४ मध्ये, १५ मार्चला. शेक्सपिअरने त्यावर नाटक लिहिलं साधारण १५९९ मध्ये. त्याचे ते मरतानाचे तीन शब्द सगळ्यांना पाठ असतात. पण आपल्या कामाची गोष्ट त्याच्या मरणानंतर सुरू होते.

थोडं मागे जाऊ. कट मुळात कॅशियसचा. पण कॅशियसवर लोकांचा भरवसा नाही, तो आहे ब्रुटसवर. म्हणजे माल कॅशियसचा, पण त्यावर नाव हवंय ब्रुटसचं. मग तो काय करतो? वेगवेगळ्या अक्षरांत चिठ्ठ्या तयार करतो आणि ब्रुटसच्या घरात खिडकीतून टाकायला लावतो. जणू शहरातले नागरिकच लिहितायत की बाबा, जागा हो, रोमला वाचव. आजच्या भाषेत सांगायचं तर खोटे रिव्ह्यू! आणि ब्रुटससारखा सरळ माणूस, सीझरचा जवळचा मित्र, या रिव्ह्यूंवर भुलतो. गंमत बघा, सीझरने आजवर काय वाईट केलं याचं उदाहरण त्यालाही सापडत नाही. तो फक्त म्हणतो की मुकुट मिळाला तर पुढे बिघडेल. नुसत्या अंदाजावर त्याने मित्राला मारायचं ठरवलं.

खून होतो. आता लोकांना पटवायचंय. सीझरचा विश्वासू मार्क अँटनी अंत्यविधीत बोलायची परवानगी मागतो. कॅशियस ब्रुटसला बाजूला घेऊन सांगतो, याला बोलू देऊ नकोस. ब्रुटस म्हणतो, काही होत नाही, आधी मी बोलतो, कारण समजावतो, मग बोलू दे त्याला. स्वतःच्या बाजूवर त्याचा इतका विश्वास की समोरचा काय बोलेल हे ऐकायलाही तो थांबत नाही. भाषण करून चक्क निघून जातो! वर लोकांना सांगून जातो की थांबा, अँटनीचं ऐका.

ब्रुटसचं भाषण वाईट नाहीये हं. छोटं आहे, मुद्देसूद आहे. पण नीट वाचलंत तर तो लोकांना एकच गोष्ट मागतो: मी प्रामाणिक माणूस आहे, म्हणून माझ्यावर विश्वास ठेवा. सीझर महत्त्वाकांक्षी होता म्हणून मारला, असं सांगतो. कधी, कुठे, काय केलं त्याने? एकही उदाहरण नाही.

आमच्या बॅचमध्ये एक ताई होत्या, घरगुती मसाल्यांचं काम. पहिल्या दिवशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमची क्वालिटी एक नंबर, आम्ही भेसळ करत नाही, एकदा विश्वास ठेवून बघा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाकीट एकानेही घेतलं नाही. ब्रुटसचं अगदी हेच झालंय. टाळ्या मिळाल्या. गर्दीतला एकजण तर ओरडतो, आता ब्रुटसलाच सीझर करा! अरे, ज्यासाठी खून केला तेच लोकांच्या डोक्यात शिरलं नाही. टाळ्या पडल्या म्हणजे समजलं, असं नसतं.

आता अँटनी. त्याला अट घातलीय की आम्हाला दोष द्यायचा नाही. तो अट मोडत नाही. उलट मारेकऱ्यांना पुन्हा पुन्हा आदरणीय म्हणतो, इतक्यांदा म्हणतो की त्या शब्दाचाच वास यायला लागतो. आणि मध्ये मध्ये काय ठेवतो? लोकांनी स्वतः पाहिलेल्या गोष्टी. सीझरने कैदी आणले, त्यांच्या खंडणीचा पैसा सरकारी तिजोरीत गेला. तीन वेळा मुकुट पुढे केला, तीन वेळा त्याने नाकारला. तुमच्यासमोरच झालं ना हे? मग तो थांबतो, त्याला रडू येतं. तेवढ्यात लोक आपापसात बोलायला लागतात, आणि निष्कर्ष तेच काढतात. नंतर मृत्युपत्राचा कागद दाखवतो पण वाचत नाही. व्यासपीठावरून खाली उतरतो, लोकांना प्रेताभोवती गोल उभं करतो, सीझरचा फाटका झगा हातात घेतो आणि एकेक भोक दाखवून सांगतो, इथे कॅशियसचा खंजीर गेला, इथे ब्रुटसचा.

इथे जरा थांबा. अँटनी खुनाच्या वेळी तिथे होता का? नव्हता! ट्रेबोनियसने त्याला आधीच बाजूला नेलं होतं. मग कुठलं भोक कुणाचं हे त्याला कसं कळलं? पण गर्दीत एकालाही हा प्रश्न पडत नाही. मी हा सीन पहिल्यांदा वाचला तेव्हा मलाही पडला नव्हता.

लोक इतके पेटतात की मृत्युपत्र विसरून घरं जाळायला निघतात. अँटनीच त्यांना परत बोलावतो, अरे कागद तर ऐका. प्रत्येक नागरिकाला ७५ द्राख्मा, शिवाय टायबर नदीकाठच्या बागा कायमच्या सगळ्यांना. मग काय, संपलंच.

बहुतेक ट्रेनर इथे थांबतात. अँटनीसारखं बोलायला शिका, गोष्ट सांगा, वस्तू दाखवा. मीही कित्येक वर्षं एवढंच शिकवलं. पण नाटक पुढे जातं, आणि पुढचे दोन सीन मी तुम्हाला वाचायला लावणारच.

पहिल्यात रस्त्यावर सिना नावाचा एक कवी भेटतो. कटात सिना नावाचा दुसराच माणूस होता. हा बिचारा सांगतोय, मी तो नव्हे, मी कवी. जमाव ऐकत नाही, मारतो त्याला. पेटवलेली गर्दी पत्ता विचारत नाही.

दुसऱ्यात अँटनी, ऑक्टेव्हियस आणि लेपिडस यादी घेऊन बसलेत, कुणाकुणाला मारायचं त्यावर खुणा चाललेत. अँटनी स्वतःच्या भाच्याच्या नावावरही खूण करतो. मग लेपिडसला पाठवतो, सीझरच्या घरून ते मृत्युपत्र आण. कशासाठी? त्यातली देणी कमी कशी करता येतील ते बघायला! ज्या कागदावर गर्दी जिंकली, तोच कागद. आणि लेपिडसची पाठ वळल्या वळल्या ऑक्टेव्हियसला म्हणतो, हा काही कामाचा माणूस नाही, निरोप्या म्हणून ठीक आहे. पार्टनरबद्दल!

हा सीन वाचून मी गप्प झालो होतो. सांगतो का. सुरुवातीच्या काळात मी एका बॅचला सांगितलं होतं की फी भरणाऱ्या प्रत्येकाला वर्षभर, दर महिन्याला माझा स्वतःचा फोन येईल. बोललो छान, चाळीस जणांनी तिथेच पैसे भरले. तिसऱ्या महिन्यात मी आणि माझा असिस्टंट त्या चाळीस नावांची यादी घेऊन बसलो होतो. याचं काम चालू नाही, याला नको. हा तक्रार करणार नाही, याला नको. पेन माझ्या हातात होतं. नंतर त्यातल्या काहींना पैसे परत केले, काहींनी फोनच उचलला नाही.

ब्रुटस आणि कॅशियस पुढे पैशावरून भांडतात, तेही पार्टनरशिपवाल्यांनी वाचण्यासारखं आहे. त्यावर वेगळा व्हिडिओ करू.

आता गृहपाठ. तुमच्या मालाबद्दल तुम्ही गिऱ्हाइकाला जे बोलता ते जसंच्या तसं वहीत लिहा, दहा वाक्यं पुरेत. ज्या वाक्यात फक्त 'माझ्यावर विश्वास ठेवा' आहे, त्याखाली लाल रेघ. ज्यात गिऱ्हाईक स्वतः बघू, चाखू, मोजू शकेल अशी गोष्ट आहे, त्याखाली हिरवी. आणि ज्यात तुम्ही काही द्यायचं कबूल केलंय, त्यापुढे आकडा लिहा: शंभर जणांनी मागितलं तर किती रुपये आणि किती तास लागतील. घाई नको, पुढच्या व्हिडिओपर्यंत वेळ आहे.