समूहगानातील नव्या गाण्यांविषयी

चि. भाचीस,

कोपरच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांस समूहगानात हल्लीची चित्रपटगीते शिकवावीत की नाहीत, यावरून पालकांत मतभेद होऊन प्रकरण मुख्याध्यापकांच्या दप्तरी गेले, असे तू लिहितेस. माझा अभिप्राय निःसंदिग्ध आहे : शिकवावीत, मात्र ज्या निष्ठेने तू भूप शिकवतेस, त्याच निष्ठेने शिकवावीत.

चित्रपटसंगीताने शाळेचे पावित्र्य भंगते असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आणि 'गुड्डी' (१९७१) या चित्रपटांतील ज्या प्रार्थना असंख्य शाळांच्या परिपाठात रुजल्या, त्या दोहोंना चाली देणारे वसंत देसाई हेच 'एक सूर एक ताल' या उपक्रमात शाळकरी मुलांच्या विशाल समुदायाकडून समूहगीते गाऊन घेत होते.

खरी अडचण निराळीच आहे. आजचे लोकप्रिय गीत बहुधा एका कंठासाठी आणि ओठांशी धरलेल्या ध्वनिक्षेपकासाठी रचलेले असते. त्यातील कुजबुजता स्वर चाळीस मुलांनी एकदम काढला तर सभागृहात केवळ वारा ऐकू येईल, म्हणून तेथे स्वर भरीव ठेवून मार्दव शब्दोच्चारांत आणावे. खटका-मुरकी सर्वांकडून घोटून घेण्याचा आग्रह सोडून ती एखाद्या तयारीच्या मुलीस द्यावी व इतरांनी खाली षड्ज धरावा. समेच्या किंचित आधी पडणारी अक्षरे प्रथम टाळीवर नुसती म्हणवून घ्यावीत. आणि 'सैराट'मधील अजय गोगावले यांचा तारसप्तकातला आवाज ऐकून मुले मूळ पट्टीचा हट्ट धरतील, तो मुळीच पुरवू नकोस. पेटीवर त्यांचा सहज आवाका पाहून पट्टी उतरव. ज्या मुलांचा आवाज फुटत आहे, त्यांना गप्प बसवण्याची जुनी वहिवाट मला निर्दय वाटते. त्यांना चार-पाच स्वरांत फिरणारी खालची ओळ बांधून दे.

खुल्या गळ्याचे गाणे म्हणजे ओरडणे नव्हे, हे शिकण्यासाठी तुम्हांला दूर जावयास नको. तुझ्या वर्गात आगरी घरांतली मुले आहेत. त्यांच्या घरच्या लग्नांत धवले गाणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रियांपैकी कुणाला सन्मानाने शाळेत बोलाव आणि त्या श्वास कोठे घेतात ते मुलांना पाहू दे. कल्याणच्या लोहमार्गावरून दिवा-वसईचा मार्ग जेथे जातो, त्या तुमच्या गावी नाना प्रांतांची कुटुंबे वसली आहेत. सर्वांच्या घरी समान पोचलेले गाणे चित्रपटाचेच असते, त्याचा तिरस्कार करून वर्ग एकसुरात गाईल कसा?

शब्दांविषयीची पालकांची तक्रार मात्र रास्त आहे. तेरा वर्षांच्या मुलांच्या मुखी जे शोभणार नाही ते गीत, चाल कितीही मोहक असो, वगळावे. निवडलेल्या गीतांचे शब्द स्वच्छ अक्षरात लिहून मुख्याध्यापकांस आगाऊ सादर कर आणि तालमीच्या एका दिवशी पालकांस वर्गात येण्याची परवानगी मागून घे.

तुझा मामा