प्रबंधापूर्वी प्रश्नाची परीक्षा

संशोधनाचा गौरव बहुधा ते पुरे झाल्यावर होतो. प्रबंध लिहून झाला व परीक्षकांनी तो मान्य केला, म्हणजे विद्यार्थ्याला पदवी मिळते. परंतु संघटनांच्या अभ्यासाच्या क्षेत्रात याहून निराळी अशी एक प्रथा आहे. तीत पुऱ्या झालेल्या प्रबंधाची नव्हे, तर योजिलेल्या प्रबंधाच्या आराखड्याची स्पर्धा घेतली जाते. उत्तर हाती येण्यापूर्वीच प्रश्नाची परीक्षा करावी, हा या प्रथेचा गाभा होय.

स्पर्धेचे स्वरूप

माणसे एकत्र येऊन कारखाने, रुग्णालये, बँका आणि सरकारी कचेऱ्या चालवितात. अशा संघटनांचे कार्य कसे चालते, त्या का वाढतात व का मोडतात, याचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे संघटना-संशोधन. या विषयाला वाहिलेले ‘ऑर्गनायझेशन सायन्स’ हे नियतकालिक अमेरिकेत १९९० साली सुरू झाले. ते प्रसिद्ध करणारी ‘इन्फॉर्म्स’ ही संस्था १९९५ साली दोन जुन्या शास्त्रीय संस्थांच्या विलीनीकरणातून निर्माण झाली. संस्था आणि नियतकालिक या दोहोंच्या नावाने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी प्रबंधाच्या आराखड्यांची स्पर्धा घेतली जाते. निवडलेले विद्यार्थी अनुभवी विद्वानांपुढे आपला आराखडा मांडतात आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात.

पारितोषिक थोड्यांनाच मिळते. परंतु योजनेतील दोष वेळीच कळणे, हा लाभ पारितोषिकाहून मोठा आहे. त्याचे मोल ध्यानात येण्यासाठी या शास्त्रातील एक प्रसिद्ध प्रयोग पाहणे उपयुक्त ठरेल.

हॉथॉर्नचा धडा

शिकागोजवळील हॉथॉर्न येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा दूरध्वनीची सामग्री बनविणारा मोठा कारखाना होता. तेथे १९२४ ते १९३२ या काळात अनेक प्रयोग झाले. आरंभी दिव्यांच्या प्रकाशाचा कामावर होणारा परिणाम तपासण्यात आला. प्रकाश वाढविलेल्या गटाचे उत्पादन वाढले; परंतु तुलनेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या गटाचेही उत्पादन जवळजवळ तितकेच वाढले.

पुढे १९२७ साली रिले नावाचा विद्युत् उपकरणाचा भाग जुळविणाऱ्या पाच तरुणींना एका वेगळ्या खोलीत कामास बसविण्यात आले. त्यांना विश्रांतीच्या सुट्या दिल्या गेल्या, कामाचे तास कमी करण्यात आले, आणि उत्पादन वाढत गेले. वरिष्ठांची आस्था व आपसांतील स्नेह हेच या वाढीचे कारण, असा निष्कर्ष पुढे सर्वत्र शिकविला जाऊ लागला.

तथापि, या प्रयोगात एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या होत्या. त्या पाच जणींचे वेतन त्यांच्या लहानशा गटाच्या उत्पादनावर ठरू लागले होते. शिवाय १९२८ च्या आरंभी त्यांपैकी दोघींना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघींना आणले होते. मग उत्पादन वाढले ते स्नेहामुळे, वेतनामुळे, की नव्या कामगारांमुळे? ऑस्ट्रेलियातील अभ्यासक अ‍ॅलेक्स केअरी यांनी १९६७ साली या निष्कर्षावर कठोर टीका केली. तोवर प्रयोगाला चाळीस वर्षे होत आली होती. “एका वेळी एकच गोष्ट का बदलत नाही?” हा प्रश्न मात्र आराखडा पाहताच विचारता येण्याजोगा होता.

न दिसणाऱ्या संघटना

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. समजा, शंभर गिरण्यांपैकी पन्नास गिरण्यांनी मोठे कर्ज काढून धाडसी धोरण स्वीकारले. त्यांतील पंचवीस बुडाल्या व पंचवीस भरभराटीस आल्या. उरलेल्या पन्नास गिरण्या सावधपणे चालल्या आणि त्यांना बेताचा नफा झाला. दहा वर्षांनी एखादा विद्यार्थी चालू असलेल्या पंचाहत्तर गिरण्या पाहतो. सर्वांत अधिक नफा धाडसी गिरण्यांचा आहे, असे त्याला आढळते, आणि धाडस हेच यशाचे रहस्य, असे तो लिहितो. बंद पडलेल्या पंचवीस गिरण्यांच्या दारांना कुलपे असतात. त्यांचे हिशेब त्याच्या टिपणवहीत येतच नाहीत.

येर्कर डेनरेल यांनी २००३ साली ‘ऑर्गनायझेशन सायन्स’मध्येच याच दोषाचे विवेचन केले. अपयशी संघटना नजरेआड राहिल्या, म्हणजे जोखमीची धोरणे प्रत्यक्षाहून अधिक लाभदायक भासतात, असे त्यांनी दाखविले. विद्यार्थ्याची आकडेमोड बिनचूक असली, तरी हा दोष तीमुळे दूर होत नाही. “बंद पडलेल्यांचे काय?” असा प्रश्न माहिती गोळा करण्यापूर्वीच कोणीतरी विचारावा लागतो.

चांगला आराखडा

म्हणून आराखड्यात काही गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात. प्रश्न कोणता, आणि पूर्वीच्या अभ्यासकांनी त्याचे उत्तर कोठवर दिले आहे? विद्यार्थ्याचे गृहीतक कोणते? माहिती कोठून घेणार, आणि तीतून कोण वगळले जाणार? त्याच परिणामाची दुसरी कारणे कोणती संभवतात, व ती कशी पारखणार? शेवटी, काय आढळले असता आपले गृहीतक चुकीचे ठरले असे तो मान्य करील? शेवटच्या प्रश्नाला ज्याच्यापाशी उत्तर नाही, त्याने संशोधनास अद्याप आरंभ केला नाही, असेच म्हणावे लागेल.

प्रबंधासाठी विद्यार्थी आपल्या तारुण्याची अनेक वर्षे खर्ची घालतो. पाया चुकला, तर ती वर्षे परत मिळत नाहीत. हानी केवळ त्याचीच होते असेही नाही. संघटनांविषयीचे निष्कर्ष ग्रंथांतून कारखान्यांत व कचेऱ्यांत पोचतात. त्यांच्या आधारे वेतन, कामाचे तास आणि शिस्त ठरते. चुकीच्या निष्कर्षाचा भार अखेर तेथे काम करणाऱ्या माणसांवर पडतो. कागदावरील आराखडा दुरुस्त करण्यास मात्र थोडे दिवस पुरतात. सहाध्यायी व गुरुजन यांच्यापुढे आपला प्रश्न आधी ठेवणे, हे कोणत्याही अभ्यासकाला, अगदी शाळेतील प्रयोगवही लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही, साधण्याजोगे आहे.