डब्याची मागची बाजू

मोटरसायकलचं ऑइल घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "कुठली गाडी?" आणि मग, "भारीतलं देऊ का साधं?" एवढ्यावर सौदा होतो. गिऱ्हाइकाने स्वतःहून विचारायचा प्रश्न राहूनच जातो: डब्यावर जासो एमए किंवा एमए२ छापलंय का? दर, कंपनी, मिनरल की सिंथेटिक, हे सगळं त्यानंतर. ही अक्षरं बहुतेक डब्यांच्या मागे, बारीक टाइपात असतात. चष्मा लागत असेल तर लावा, पण ती वाचल्याशिवाय डब्याचं झाकण उघडू देऊ नका.

मला याचं महत्त्व कुंभार्ली घाटात कळलं. चिपळूणहून कऱ्हाडला निघालो होतो, मागे आई बसली होती. गाडी दीडशे सीसीची, नुकतीच सर्व्हिसिंग करून आणलेली. पोफळी मागे पडली, खरा चढ सुरू झाला, आणि मूठ पिळली की इंजिनचा आवाज तेवढा वाढायला लागला. गाडी होती त्याच वेगाने रेंगाळत राहिली. पुढच्या वळणानंतर वेगही उतरला. गिअर नीट पडला नसेल म्हणून पुन्हा टाकून पाहिला, फरक नाही. एका अरुंद वळणावर मागे भरलेला ट्रक हॉर्न देतोय, इंजिन ओरडतंय आणि चाकापर्यंत ताकदच पोहोचत नाही, अशी वेळ आली. गाडी कशीबशी कडेला घेतली, आईला उतरवलं. थोड्या वेळाने एसटी आली. हात दाखवताच चालकाने ती थांबवली आणि आई पुढे गेली. इंजिन निवल्यावर पहिल्या गिअरमध्ये, मूठ अगदी हलकी ठेवून, मी घाट चढलो.

हेळवाकला एका वयस्कर मिस्त्रींनी गाडी पाहिली. त्यांनी आधी क्लचची केबल तपासली. लिव्हरला मोकळी ढील हवी तेवढी होती, म्हणजे केबल ताणलेली नव्हती. प्लेटा झिजल्या असत्या तर त्रास हळूहळू वाढत गेला असता. इथे तर सर्व्हिसिंगनंतर एकदम सुरू झाला होता. मग त्यांनी विचारलं, "ऑइल कुठलं टाकलंय?" बिलावर नुसतं 'इंजिन ऑइल' लिहिलेलं. गॅरेजला फोन लावला. तिथल्या माणसाने काहीही न लपवता सांगितलं, "दादा, कारच्या कॅनमधलं उरलं होतं. फुल सिंथेटिक, ५डब्ल्यू-३०. तुमच्यासाठी मुद्दाम ठेवलं होतं." कारचा कॅन साडेतीन-चार लिटरचा, एखाद्या कारला तीन लिटर पुरतं आणि उरलेलं अर्धा-एक लिटर असं कुणाच्या तरी मोटरसायकलीत जातं. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, हे मला मान्य आहे. तरी राग आला आणि तो अजून गेलेला नाही. रोज मोटरसायकली उघडणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं, कारण मागे बसलेल्या माणसाचा जीव त्या तेलावर असतो. चढाचं तर सांगितलंच. पण क्लच घसरत असेल तर उतारावरही इंजिन गाडीला धरून ठेवत नाही आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.

असं का होतं, हे एकदा समजलं की आयुष्यभर लक्षात राहतं. बहुतेक मॅन्युअल कारमध्ये इंजिनचं तेल इंजिनपुरतंच असतं. गिअरबॉक्सला वेगळं तेल, आणि क्लच कोरडा. आपल्या रोजच्या मोटरसायकलीत मात्र इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच चेंबरमधल्या तेलावर चालतात. जुन्या कास्ट आयर्न बुलेटसारख्या गाड्या अपवाद. त्यांना गिअरबॉक्स वेगळा आणि क्लचच्या केसमध्ये निराळं तेल. बाकी ज्या गाड्या आपण चालवतो त्यांच्या क्लच प्लेटा इंजिन ऑइलमध्येच भिजत असतात. पिस्टनला आणि कॅमला तेल निसरडं हवं, आणि प्लेटांना त्याच तेलात एकमेकींना घट्ट धरायचं असतं. एका लिटरभर तेलाकडून आपण या दोन उलट गोष्टी मागतो.

कारच्या तेलाला ही अडचण नाही. पेट्रोल वाचावं म्हणून त्यात, विशेषतः ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० अशा पातळ तेलांत, घर्षण कमी करणारी रसायनं घालतात. कारसाठी ते उत्तमच. मोटरसायकलच्या प्लेटांवर त्यांचा थर बसला की पकड गेली. म्हणून जपानमध्ये १९९८ साली चारस्ट्रोक मोटरसायकलींच्या तेलासाठी वेगळं मानक आलं, जासो टी ९०३. खऱ्या क्लच प्लेटा त्या तेलात भिजवून यंत्रावर फिरवतात आणि पकड मोजतात. पकड चांगली असेल ते एमए. त्यातही वरच्या पट्ट्यातलं एमए२, खालच्या पट्ट्यातलं एमए१. पकड कमी असेल ते एमबी. गिअरबॉक्सचे दाते तेलातल्या लांब रेणूंना चिरडतात आणि तेल पातळ होत जातं. ते किती टिकतं तेही या मानकात तपासतात. तेलातल्या फॉस्फरसलाही ०.०८ ते ०.१२ टक्के अशी खालची-वरची मर्यादा आहे. त्याहून कमी झाला तर झीज वाढते, जास्त झाला तर सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो. एका छोट्या शिक्क्यामागे एवढं सगळं तपासलेलं असतं.

एमबी म्हणजे खराब तेल असा अर्थ काढू नका. ॲक्टिवासारख्या गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा आणि बेल्टच्या बाजूला असतो, त्याला इंजिनचं तेल लागतच नाही. तिथे एमबीच योग्य. गोंधळ होतो तो घरात एक स्कूटर आणि एक मोटरसायकल असली की. दोन्हींच्या डब्यांवर १०डब्ल्यू-३० लिहिलेलं असू शकतं आणि स्कूटरचं उरलेलं तेल सहज मोटरसायकलीत पडतं. आकडा तोच, पण क्लचच्या दृष्टीने तेल वेगळं. घरच्यांना हे सांगून ठेवा.

माझ्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण ते उपयोगी पडेल. मिस्त्रींनी ते तेल काढून गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं २०डब्ल्यू-५० एमए घातलं. प्लेटांमध्ये मुरलेलं जुनं तेल एका फेरीत निघत नाही, म्हणून काही दिवस गाडी चालवून पुन्हा बदलायला सांगितलं. पकड बऱ्यापैकी परत आली. पण घाटात घसरून तापलेल्या प्लेटा काळ्या पडल्या होत्या, त्या पुढे बदलाव्याच लागल्या. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी योग्य तेल घालून पाहा, लगेच प्लेटांचा खर्च करू नका. आणि नव्या प्लेटा बसवताना त्या योग्य तेलात भिजवूनच बसवताहेत ना, याकडे लक्ष द्या.

आता आकड्यांविषयी, कारण गैरसमज इथे सर्वांत जास्त आहेत. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. १०डब्ल्यू तेलाची थंड इंजिन फिरवण्याची चाचणी उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. महाबळेश्वरच्या कडाक्यातसुद्धा तो प्रश्न येत नाही, फक्त सकाळी गाडी सुरू होताना कमी आकड्याचं तेल हेडपर्यंत लवकर चढतं. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनमधला. १०० अंशांना ३० च्या तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ५० च्या तेलाचा १६.३ ते २१.९. फरक मोठा आहे, म्हणून लोक म्हणतात, "आपल्याकडे ऊन फार, जाडच टाका." हे ऐकू नका. इंजिनमधल्या फटी, ऑइल पंप, तेलाच्या वाटा एका ठरावीक दाटपणासाठी बनवलेल्या असतात. स्प्लेंडरला कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते, आणि ती गाडी विदर्भातल्या मे महिन्यात लाखोंनी धावते. तिच्यात २०डब्ल्यू-५० घातलं तर थंड इंजिनला तेल उशिरा मिळतं आणि मायलेजही पडतं. उलट जिला ५० चं तेल सांगितलंय तिच्यात ३० चं घालून मायलेज वाढवायला गेलात तर तापलेल्या इंजिनमध्ये तेलाचा थर अपुरा पडतो. एकाच नावाच्या मॉडेलला कंपनी वर्षागणिक ग्रेड बदलते, तेव्हा शेजाऱ्याच्या नव्हे, तुमच्या गाडीसोबत आलेल्या पुस्तकात पाहा. पुस्तक हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ते मिळतं.

एपीआयची, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या दर्जाची, अक्षरं सोपी आहेत. एसजी, एसएच, एसजे, एसएल, एसएम, एसएन आणि २०२० पासून एसपी. पुढचं अक्षर म्हणजे नंतरचं मानक. पुस्तकात एसएल असेल तर एसएन चालतं, पण शेजारी एमए हवंच. नुसतं एसएन पाहून भुलू नका, ते कारच्या कॅनवरही असतं. डब्यावर एपीआयचा गोल शिक्का असलाच तर त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रिसोर्स कन्झर्व्हिंग असं लिहिलेलं तेल मोटरसायकलीला घेऊ नका.

सिंथेटिक तेलाने क्लच घसरतो, असं आजही छातीठोकपणे सांगतात. माझ्या गाडीत सिंथेटिकच पडलं होतं, तरी दोष घर्षण कमी करणाऱ्या रसायनांचा होता, सिंथेटिकचा नव्हे. एमए२ छापलेलं सिंथेटिक निर्धास्त घाला. त्यासाठी जादा पैसे मोजावेत का? रोज गावातल्या गावात जाणाऱ्या शंभर सीसीच्या गाडीला मिनरल तेल वेळेवर बदलणं पुरतं, असं माझं मत आहे. लांबचे प्रवास, मोठं आणि खूप तापणारं इंजिन असेल तर सिंथेटिकचा उपयोग होतो. महाग तेल घालून दुप्पट किलोमीटर ओढणं हे मात्र सर्वांत वाईट.

गावाकडे ट्रॅक्टरच्या बॅरलमधलं ऑइल मोटरसायकलीत घालायची सवय आहे. त्याने क्लच घसरेलच असं नाही, कारण डिझेलच्या तेलात घर्षण कमी करणारी रसायनं सहसा नसतात. पण त्यात राख देणारे घटक बरेचदा जास्त असतात, आणि लहान पेट्रोल इंजिनमध्ये ती राख पिस्टनवर आणि प्लगवर बसते. शिवाय उघड्या बॅरलमध्ये धूळ आणि पाणी किती गेलंय, कोण सांगणार? सुटं ऑइल घेऊच नका, मग ते कुठल्याही नावाने विकोत.

बनावट तेलाची भीती खरी आहे. मूळ कंपनीचे रिकामे डबे भंगारातून परत येतात, त्यांत गाळलेलं जुनं तेल भरलं जातं. झाकणाचं सील आपल्यासमोर तुटलं पाहिजे. बॅच नंबर आणि तारीख पुसट किंवा खरवडलेली नको. तोंडाशी असलेलं फॉइल एकसारखं चिकटलेलं हवं. स्क्रॅच कोड किंवा क्यूआर असेल तर तिथेच तपासा. पक्कं बिल घ्या आणि त्यावर ग्रेड आणि जासो लिहून मागा. माझ्या बिलावर ते असतं तर घाटाच्या पायथ्याआधीच कळलं असतं. काम झालं की रिकाम्या डब्याला स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडूनच तो टाका. काढलेलं तेल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका, ओतू देऊही नका. ते घातक कचऱ्यात मोडतं. अधिकृत गोळा करणाऱ्याला तेल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये ते जाऊ द्या.

बदललेलं तेल थोड्याच दिवसांत काळं दिसलं तर घाबरू नका, ते काजळी आपल्यात धरून ठेवतंय म्हणून काळं होतं. पातळी मात्र नियमाने पाहा. गाडी मेन स्टँडवर, इंजिन काही मिनिटं चालवून बंद, मग दोन-तीन मिनिटं थांबून. बऱ्याच गाड्यांत दांडी पुसून नुसती टेकवायची असते, आटे फिरवून आत घालायची नसते; आत फिरवली तर तेल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. तुमच्या गाडीची रीत पुस्तकात असते. गरजेपेक्षा जास्त भरणंही बरं नाही. ९०० मिलिलिटर लागत असेल तर लिटरचा डबा पूर्ण ओतायचा नसतो.

घाबरायचं ते तेल दुधाळ दिसल्यावर, म्हणजे त्यात पाणी शिरल्यावर. चिपळूणला २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा गाड्या रात्रभर पाण्याखाली होत्या, आणि पाणी ओसरल्यावर लोकांनी पहिली गोष्ट केली ती किक मारून पाहण्याची. तसं करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा, आतलं पाणी बाहेर घालवा, एअर फिल्टर पाहा, मग ऑइलचा नट उघडून सगळं तेल उतरवा. पहिली भरती स्वस्तातल्या तेलाची चालेल, पण ग्रेड आणि एमए तेच. इंजिन थोडा वेळ जागेवरच चालवून ते तेलही काढून टाका आणि मग नेहमीचं भरा. दुसऱ्यांदा काढलेलं तेलही दुधाळ असेल तर तिसऱ्यांदा बदला, आणि ते स्वच्छ निघेपर्यंत गाडी घाटाकडे नेऊ नका.