चाळीतली खोली, मॉस्कोतली खोली

प्रभादेवीला सयानी रोडवर, रवींद्र नाट्य मंदिराजवळ भूपेश गुप्ता भवन आहे. ही कम्युनिस्ट पक्षाची वास्तू, आणि 'लोकवाङ्मय गृह' ही प्रकाशनसंस्थाही इथलीच. माझे आजोबा गिरणीत साचेखात्यात होते, त्यामुळे लाल बावटा हा शब्द आमच्या घरात नवा नाही. कॉन्व्हेंटवाल्याने यावर मराठीत लिहायचं म्हणजे धाडसच, पण शुद्धलेखन संपादक बघून घेतील!

एखादी विचारसरणी ओसरली की कलावंत तिचं काय करतात? रशियात इल्या कबाकोव्हने (१९३३–२०२३) याचं भन्नाट उत्तर दिलं. सोव्हिएत युनियन कोसळलं १९९१ साली. त्याच्या सहा वर्षं आधीच याने मॉस्कोतल्या स्टुडिओत एक अख्खी खोलीच उभी केली. भिंतींवर सरकारी प्रचाराची पोस्टर्स, मधोमध टांगलेली स्प्रिंगांची गलोल आणि वर छताला भलंमोठं भोक! खोलीत माणूस नाही. तो गलोलीतून थेट अंतराळात पळून गेलाय. (मेकॅनिकलवाल्यांनी स्प्रिंग कॉन्स्टंट काढू नये.) ती खोली कुठली, तर तिकडच्या 'कोमुनाल्का'तली. एका घरात अनेक कुटुंबं, प्रत्येकाला एकेक खोली, स्वयंपाकघर आणि संडास सामायिक. आपल्या चाळीची चुलत बहीणच म्हणा ना.

आता आपल्याकडची खोली बघा. जयंत पवार (१९६०–२०२१) गिरणगावातच वाढले. त्यांच्या 'अधांतर' (१९९७) नाटकात धुरी कुटुंब चाळीतल्या खोलीत राहतं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर घराघरांत जे झालं ते इथे दिसतं. बाबा लेखक व्हायचं म्हणतो, मोहन क्रिकेटमध्ये बुडालेला, नरू गुंडगिरीत. आई सगळ्यांना धरून ठेवायला बघते. या खोलीच्या छताला भोक नाही.

फरक का पडला? माझ्या मते, रशियात कम्युनिझम हाच घरमालक होता. पेपर त्याचा, पोलीस त्याचे. म्हणून तिथला कलावंत त्याची टर उडवून पळू शकतो. इथे लाल बावटा कधी मालक नव्हताच. १९२८ च्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली ती मालकांशी भांडायला. पुढे १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, आणि ८२ च्या संपाचं नेतृत्व तर डॉ. दत्ता सामंतांकडे होतं, जे कम्युनिस्ट नव्हते. म्हणजे धुरींच्या पोरांना पळून जायला जुलमी सत्ता नाही आणि टेकायला संघटनाही उरलेली नाही. टर उडवायची तरी कोणाची?

मला आवडलेली गोष्ट म्हणजे, पवारांनी युनियनचे गोडवे गायलेले नाहीत. तरी त्यांचा 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हा कथासंग्रह काढला लोकवाङ्मयनेच, आणि त्याला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्याच पराभवाची गोष्ट आपणच छापायची, याला हिंमत लागते राव.

आपल्या हॉस्टेलमध्ये कोकणातले, साताऱ्याचे कितीतरी जण आहेत, ज्यांचे आजोबा गिरणीत होते. त्यांनी २०१० चा 'लालबाग परळ' सिनेमा पाहिला असेल, तो 'अधांतर'वरूनच घेतलाय. पण आधी नाटक वाचा. सिनेमात गोळीबार जास्त आहे, नाटकात आई जास्त आहे.